अर्ध्या शहाण्याची कचेरी

मराठेशाहीत साडेतीन शहाणे होऊन गेले, असे आपल्याकडे सांगतात. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पुरते शहाणे, आणि नाना फडणवीस अर्धे. नाना अर्धे का, तर त्यांच्या अंगी मुत्सद्देगिरी होती, पण हातात तलवार नव्हती. गंमत म्हणून हे सांगितले जाते आणि गंमत म्हणूनच ऐकले जाते. मला मात्र मराठ्यांच्या परराष्ट्र कारभारावर झालेली सर्वांत झोंबरी टीका हीच वाटते. यादीतली माणसे चाकरी कुणाची करत होती, ते पाहा. सखारामबापू पेशव्यांचे. देवाजीपंत नागपूरकर भोसल्यांचे. विठ्ठल सुंदर तर चक्क निजामाचे दिवाण. 1763 मध्ये राक्षसभुवनला पेशव्यांच्या फौजेशी लढतानाच ते पडले, आणि त्याच प्रसंगी देवाजीपंतांचे धनी भोसले निजामाला सोडून पेशव्यांकडे आले होते. एका लढाईभोवती तीन शहाणे आणि त्यांचे तीन धनी. या मुलखात शहाणपणाची टंचाई कधीच नव्हती. ते साठवून पुढच्या माणसाच्या हाती देण्याची सोय मात्र नव्हती, आणि माझे सगळे म्हणणे त्या सोयीपुरतेच आहे.

शिरवळ मध्ये धरून घोड्याच्या एका मजलेचे वर्तुळ नकाशावर काढावे. उत्तरेला सासवडजवळचे हिवरे. अफझलखानाशी बोलणी करायला शिवाजी महाराजांनी 1659 मध्ये ज्यांना पाठवले ते पंताजी गोपीनाथ बोकील तिथले, आणि पुढच्या शतकातले सखारामबापूही त्याच घराण्यातले. पश्चिमेला भोरच्या बाजूचे रोहिडखोरे, म्हणजे साताऱ्याच्या छत्रपतींचा वकील होऊन लंडनला गेलेल्या रंगो बापूजींच्या देशपांडे घराण्याचे वतन. दक्षिणेला खंबाटकी उतरून गेले की वाई, आणि वाईला लागून नानांचे मेणवली. शिरवळचा स्वतःचा इतिहास तलवारीचा आहे. सुभानमंगळ हा इथला भुईकोट 1648 मध्ये फत्तेखानाच्या माणसांनी घेतला आणि कावजी मल्हारने तो परत जिंकला. शिवचरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असते. पण शिरवळजवळच्या नीरा नदीच्या दोन्ही अंगांना बोलणी करणाऱ्यांची एवढी दाटी होती, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. पुण्यात सत्ता, साताऱ्यात गादी, आणि या दोन्हींना जोडणाऱ्या वाटेवर शिरवळ. पेशवा पुण्याचा असला तरी त्याची वस्त्रे साताऱ्याहून यायची. राज्य करणारा एकीकडे आणि राज्य ज्याच्या नावाने चालते तो दुसरीकडे, अशा दौलतीत परक्या राजाच्या वकिलाने कुणापुढे मुजरा करायचा?

हा प्रश्न 1777 मध्ये खरोखर उभा राहिला. त्या वर्षी चौलच्या बंदरात एका फ्रेंच जहाजातून सेंट ल्युबिन नावाचा गृहस्थ उतरला आणि फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुण्यात दाखल झाला. राजा होता सोळावा लुई, आणि त्याचा परराष्ट्रमंत्री होता शार्ल ग्राव्हिए, काउंट द व्हर्जेन.

या व्हर्जेनविषयी मराठीत फारसे कुणी लिहीत नाही. 1719 मध्ये दिजाँ गावी जन्म, घराणे कोर्टकचेरीतल्या अंमलदारांचे, तलवारीशी संबंध नाही. म्हणजे आपल्या हिशेबाने हाही अर्धाच. तुर्कांच्या दरबारी इस्तंबूलला त्याने 1755 ते 1768 अशी तेरा वर्षे काढली. तिथल्याच एका विधवेशी राजाची परवानगी न घेता लग्न केले, आणि ते निमित्त करून श्वाझल या तेव्हाच्या मंत्र्याने त्याला माघारी बोलावले. तुर्कांनी रशियावर चालून जावे म्हणून वाटायला पाठवलेले तीस लाख त्याने न खर्चता परत आणले, असेही सांगतात. तुर्कांनी रशियाशी युद्ध तर पुकारले होतेच. मग काही वर्षे गावाकडे, मग स्वीडनला वकिली, आणि 1774 मध्ये नवा राजा गादीवर आल्यावर परराष्ट्रमंत्रिपद. ते मरेपर्यंत, 13 फेब्रुवारी 1787 पर्यंत, त्याच्याकडेच राहिले. 1778 मध्ये त्याने अमेरिकेतल्या बंडखोर वसाहतींशी तह केला आणि 1783 मध्ये इंग्लंडला त्यांचे स्वातंत्र्य कबूल करावे लागले.

आता याच सालांत नाना कुठे होते ते पाहू. बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म 1742 मध्ये साताऱ्यात झाला. एकोणिसाव्या वर्षी ते पानिपतावरून जीव घेऊन परतले. आई तिकडेच गेली. व्हर्जेनच्या हाती परराष्ट्र खाते आले त्याच 1774 मध्ये नाना बारभाईंच्या कारस्थानात पुढे आले. पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावाला चाळीस दिवसांचा असताना पेशवाई मिळाली आणि तिचा कारभार सखारामबापू आणि नाना यांच्याकडे आला. इंग्रजांशी पहिल्या युद्धात त्यांनी पुणे, निजाम, हैदर आणि नागपूरकर अशा चौघांची मोट बांधली. व्हर्जेन अमेरिकेत ज्या इंग्रजांशी झुंजत होता, त्यांच्याच कंपनीशी इकडे नाना झुंजत होते. दोघांचा शत्रू एक, काळ एक, स्वभावही बराचसा एक: दोघेही सावध, कागदात रमणारे, घाईचा तिटकारा असणारे. या दोघांचा सांधा जुळवायला नियतीने पाठवला तो सेंट ल्युबिन.

मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने सेंट ल्युबिनच्या देकारांची नोंद केली आहे: अडीच हजार गोरे शिपाई, दहा हजार देशी शिपायांची कवायती पलटण, दारूगोळा हवा तेवढा. बदल्यात फ्रेंचांना पश्चिम किनाऱ्यावर बंदर हवे होते. नानांनी त्याचा मोठा सन्मान केला. पुण्यातल्या मॉस्टिन या इंग्रज वकिलाला खिजवण्यासाठीच जणू, सगळे उघड केले. प्रत्यक्ष मात्र काही दिले नाही, आणि वर्षभराने त्याला वाटेला लावले. पुढे युद्ध पेटताच फ्रेंचांचे चंद्रनगर, पाँडेचरी, माहे पाठोपाठ पडले, तेव्हा नानांचा हात आखडता होता ते बरेच झाले असे म्हणावे लागते. पण उघड सन्मानाची किंमतही मोजावी लागली. पुण्यात फ्रेंच आला या हाकाटीवर मुंबईकर इंग्रजांना पेशवाईवर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावाला पुन्हा उचलून धरायला निमित्त मिळाले, आणि कलकत्त्याहून हेस्टिंग्जने देश ओलांडून फौज धाडली. नानांचे चाहते या प्रकरणात त्यांना पैकीच्या पैकी गुण देतात. मी थोडे कापेन. धाक दाखवायला आणलेल्या माणसाने समोरचा खरोखरच घाबरला आणि लढायला उठला, तर डाव अर्धाच जमला.

या प्रकरणातली खरी मेख निराळीच आहे. सेंट ल्युबिनला व्हर्जेनने पाठवलेच नव्हते. त्याला पाठवले सार्तीन या आरमारमंत्र्याने. वसाहती आणि समुद्रापलीकडचा कारभार आरमार खात्याकडे, म्हणून हिंदुस्थानचा विषयही त्याच्याकडे. एकाच व्हर्सायच्या महालातून परदेशी जाणाऱ्या वाटा दोन. त्याआधी तर परिस्थिती याहून गमतीची होती. पंधरावा लुई वीस वर्षांहून अधिक काळ आपल्याच परराष्ट्रमंत्र्याच्या पाठीमागे गुप्त पत्रव्यवहाराचे स्वतंत्र जाळे चालवत होता, आणि इस्तंबूलला असताना व्हर्जेन स्वतः त्या जाळ्यात होता! मंत्र्याला एक पत्र, राजाला दुसरे. तेव्हा फ्रेंचांची शिस्त आणि मराठ्यांचा गोंधळ अशी सोपी वाटणी करायला मी तयार नाही. भानगडी दोन्हीकडे होत्या.

फरक होता तो भानगडींच्या खाली काय होते यात. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 1589 रोजी तिसऱ्या हेन्रीने परराष्ट्र व्यवहार लुई द रवोल या एकाच सचिवाकडे सोपवला. तिथून एक रांग सुरू झाली. चौदाव्या लुईच्या अखेरच्या वर्षांत तोर्सी या मंत्र्याने जुने खलिते, तहनामे, वकिलांची पत्रे एकत्र करून लूव्हरमध्ये दप्तरखाना मांडला, आणि 1712 मध्ये तरुणांना वकिलीचे काम शिकवणारी शाळाही काढून पाहिली. शाळा टिकली नाही. दप्तरखाना टिकला. श्वाझलने त्यासाठी व्हर्सायला वेगळी इमारत उभारली; आज तिथे त्या गावचे ग्रंथालय आहे. मंत्री बदलत, मर्जीतून उतरत, गावाकडे हाकलले जात, पण वरिष्ठ कारकून तेच राहत. नवा मंत्री आला की तुर्कांशी तीस वर्षांपूर्वी काय ठरले होते ते त्याला कपाटातून काढून मिळे. व्हर्जेन मेला आणि मोंमोराँ त्या खुर्चीवर बसला, तेव्हा खुर्चीपाठची कपाटे भरलेलीच होती.

इकडे पाया मुळीच नव्हता असे नाही. उलट इथला पाया त्यांच्या तोडीचा होता. 1674 च्या राज्याभिषेकात महाराजांनी अष्टप्रधानांत सुमंत नेमला, रामचंद्र त्रिंबक डबीर. परराज्यांशी व्यवहार, वकिलांचा मानसन्मान, त्यांच्या बातम्या ही त्याची कामे. पद महाराजांनी नेमून दिलेले, माणूस कामाचा. पुढच्या पिढ्यांत काय झाले ते आपण जाणतोच. अष्टप्रधानांतले एकेक पद वतन होत गेले, सुमंत साताऱ्यात मानाने बसला आणि त्याचे काम पुण्याला गेले. पुण्यात ते कुणी करायचे? तर फडणिसाने. फडणिसाचे मूळ काम हिशेबाचे, फडावरच्या कागदांचे. ज्याच्या नावावर परराष्ट्राचे पद त्याच्याकडे काम नाही, आणि जो काम करतो त्याचे पद भलतेच. फ्रान्समध्येही पदे पैशांनी हातोहात जात, पण काम पदाला चिकटलेले असे. आपल्याकडे काम माणसाला चिकटले. माणूस कर्तबगार असेपर्यंत हे उलट सोयीचेच पडते, म्हणून कुणाला खुपत नाही.

आणि नाना कर्तबगार होते यात शंकाच नको. हैदराबादेत गोविंदराव काळे, दिल्लीत हिंगणे, उत्तरेत महादजी शिंद्यांच्या छावणीत सदाशिव दिनकर, कलकत्त्यात लाला सेवकराम. या सगळ्यांची पत्रे नानांकडे येत. निजामाच्या महालातली कुजबुज चार दिवसांत पुण्यात कळे. पण हे जाळे पेशवाईचे म्हणावे की नानांचे? शिंद्यांच्या छावणीत पेशव्यांच्या कारभाऱ्याला स्वतःचा माणूस ठेवावा लागतो, यातच बरेच काही आले. नागपूरकरांचा बेनीराम पंडित हेस्टिंग्जकडे स्वतंत्रपणे बसलेला. गायकवाडांनी 1780 मध्ये इंग्रजांशी परभारे तह केला. 1782 चा सालबाईचा तह महादजींनी जुळवला. नानांनी हैदर मेल्याची बातमी येईपर्यंत महिनोन्महिने त्याला मान्यता देणे लांबवले. आपल्या मिरज-सांगलीकडची गोष्ट घ्या. पटवर्धन हे पेशव्यांचे घरचे सरदार, तरी त्यांची माणसे पुण्यात बसून दरबारची बित्तंबातमी मिरजेला लिहीत. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ही पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून छापली. पेशवाईचा इतिहास समजून घ्यायला त्यांच्याइतके चांगले साधन थोडेच असेल, पण मला ती वाचताना दर वेळी एकच खटकते: घरातल्या घरात वकील ठेवायची पाळी आली होती.

आणखी एक गोष्ट आपल्या पचनी पडत नाही. इंग्रजांशी झुंजायचे तर इंग्रजांच्या राजधानीत माणूस हवा, ही अक्कल त्या काळात एकाच मराठी पुढाऱ्याला सुचली, आणि तो रघुनाथराव. 1781 मध्ये त्याने हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला वकील म्हणून लंडनला पाठवले. एडमंड बर्कने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, त्याच्या सोवळ्याओवळ्याची सोयही लावून दिली. रघुनाथरावाचा हेतू स्वार्थी होता, हे कबूल. पण कंपनीच्या वर पार्लमेंट आहे आणि तिथे दाद मागता येते, हे ओळखणारा आपल्या नजरेत खलनायक, आणि ज्यांना आपण मुत्सद्द्यांचा राजा म्हणतो त्या नानांची सगळी जाळी हिंदुस्थानच्या किनाऱ्याशी संपतात.

जाता जाता एक सांगतो. बोकिलांच्या त्या घराण्याला नियतीने फार क्रूर चिमटा काढला. नानांनी 1779 मध्ये आपल्या जुन्या भागीदाराला, सखारामबापूंना, कैद केले आणि फिरवत फिरवत प्रतापगडावर ठेवले. ज्या गडाखाली त्यांच्या पूर्वजाने मराठी राज्याची सर्वांत गाजलेली वकिली केली, त्याच गडावर हा शहाणा बंदिवान. तिथून त्यांना रायगडावर नेले आणि तिथेच ते वारले. ग्रँट डफला ही गोष्ट मोहवून गेली, पण त्याने पंताजी गोपीनाथांना खानाचा वकील समजून त्यांच्यावर धन्याशी दगाबाजी केल्याचा ठपका ठेवला. खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. पंताजी महाराजांचे, हे सभासदाच्या बखरीत स्वच्छ आहे. डफ साताऱ्यात सरकारी अंमलदार होता, कागद त्याच्या हाताशी होते, तरी ही चूक झाली आणि नंतर कित्येक वर्षे शाळेच्या पुस्तकांतून फिरत राहिली. आपल्या वकिलांची नोंद आपण नीट ठेवली नाही, मग ती परक्याने चुकीची ठेवली तर बोलायचे कुणाला?

1795 मध्ये सवाई माधवराव गेले आणि नानांचा एकहाती डोलारा किती तकलादू होता ते वर्षभरात दिसले. नाना पुण्यातून निघाले ते पुरंदर, मग सातारा, मग वाई. साताऱ्यात छत्रपतींना पुढे करून शिवाजी महाराजांच्या वेळची घडी पुन्हा बसवावी, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेल्याचे डफ सांगतो. छत्रपतींनी विश्वास ठेवला नाही. ठेवावा तरी का? वीस वर्षे त्यांना नुसते गादीवर बसवून ठेवले होते ते याच कारभाऱ्याने. ज्या घडीत सुमंत हे खरेखुरे पद होते, ती घडी नानांना आठवली ती पायाखालची जमीन सरकल्यावर. पुढे दौलतराव शिंद्याने त्यांना नगरच्या किल्ल्यात डांबले, सोडले, आणि 13 मार्च 1800 रोजी नाना वारले. पुण्यातल्या पामर या इंग्रज वकिलाने कळवले की मराठी राज्यातले शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबर गेले. हे वाक्य आपण अभिमानाने सांगत आलो आहोत. मला तो दाखला वाटत नाही, तक्रार वाटते. एका माणसाबरोबर राज्याचे सगळे शहाणपण जात असेल, तर त्या माणसाने पंचवीस वर्षांत ते दुसऱ्या कुणाकडे दिलेच नाही असा त्याचा अर्थ.

मेणवलीचा वाडा अजून उभा आहे. घाटावर वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. हल्ली लोक तिथे ‘स्वदेस’ सिनेमातला घाट म्हणून फोटो काढायला येतात. नानांनी आपले कागद या वाड्यात हलवले आणि ते वाड्याचेच होऊन बसले. शंभरेक वर्षांनी दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी ते बाहेर काढले, छापले, साताऱ्यात संग्रहालय उभे केले; तो संग्रह 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. पारसनिसांचे उपकार फार मोठे आहेत. पण व्हर्सायच्या कपाटांत पुढच्या मंत्र्याच्या उपयोगी पडायचे ते कागद इथे इतिहाससंशोधकाच्या उपयोगी पडले. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. समोर बसलेल्या इंग्रजाच्या पाठीशी मॉस्टिन, मॅलेट, पामर अशा वकिलांनी पाठोपाठ लिहिलेल्या खलित्यांची रास होती. बाजीरावाच्या बाजूला काय होते? इंग्रजांशी पंचवीस वर्षे चाललेल्या बोलण्यांची आठवण ज्याला होती तो मेला होता, आणि त्याचे कागद नीरेपलीकडे एका खाजगी वाड्यात.

यावर एक आक्षेप हटकून येईल, आणि तो बिनतोड वाटतो. फ्रान्सकडे एवढी कपाटे होती, तरी 1789 चुकले का? नाही चुकले. किंबहुना ते ओढवायला व्हर्जेनने हातभारच लावला. अमेरिकेच्या युद्धावर शंभर कोटी लिव्हरांहून जास्त खर्च झाला. त्या कर्जाने खजिना बुडाला, आणि व्हर्जेन मेल्यावर सहा वर्षांच्या आत त्याच्या राजाचे मुंडके उडाले. कचेरी राजाला वाचवत नाही, हे खरेच. पण राजा गेल्यावरही परराष्ट्र खाते उरले. 1797 मध्ये तालेरां त्या खात्यावर आला तेव्हा राजा नव्हता, दरबार नव्हता, देशाचे झेंडेही बदलले होते, आणि तरी फ्रान्स जगाशी बोलू शकत होता. आपल्याकडे पेशवा गादीवर होता, पुण्यात दरबार भरत होता, आणि वसईच्या कलमांनी त्याचे बाहेरच्यांशी बोलणेच संपवले: इंग्रजांच्या वैऱ्यांपैकी एकही गोरा पदरी ठेवायचा नाही, कंपनीला विचारल्याशिवाय कुणाशी बोलणी करायची नाहीत. राज्य आणखी पंधरा वर्षे चालले म्हणे.

साताऱ्यात तर पुढे ही गोष्ट टोकाला गेली. 25 सप्टेंबर 1819 च्या तहाने प्रतापसिंह छत्रपतींना छोटेसे राज्य मिळाले. बाहेरच्या कुणाशीही पत्रव्यवहार करायचा नाही ही अट त्यात होती. वीस वर्षांनी, 1839 मध्ये, त्यांना पदच्युत केले तेव्हाच्या आरोपांत एक होता गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त संधान बांधल्याचा. आरोप बनावट होता असे त्यांची बाजू घेणारे तेव्हापासून सांगत आले आहेत, आणि मलाही तसेच वाटते. पण क्षणभर खरा धरला तरी काय? शेजारच्या राज्याला पत्र लिहिणे हे 1674 मध्ये एका प्रधानाचे नेमून दिलेले काम होते. 1839 मध्ये तोच गुन्हा ठरला.

म्हणून रंगो बापूजी. पदच्युत राजाचा हा वकील लंडनला गेला आणि 1853 पर्यंत तिथे राहिला. इंग्रजी शिकला, सभा घेतल्या, अर्ज छापले, पार्लमेंटातल्या सभासदांचे उंबरे झिजवले. इकडे 1847 मध्ये प्रतापसिंह काशीत वारले, 1848 मध्ये सातारा खालसा झाले. राजाही नाही आणि राज्यही नाही, तरी हा माणूस वकिली करतच राहिला. पैसे पाठवणारा कुणी नाही, मागचे कागद पुरवणारा दप्तरखाना नाही, आपल्यानंतर येणारा दुसरा वकील नाही. शेवटी परत आला, 1857 च्या उठावाच्या कटात गुंतला आणि इंग्रजांच्या हाती न लागता नाहीसा झाला. मुलगा सीताराम मात्र सापडला. त्याला साताऱ्यात गेंडामाळावर इतरांबरोबर मारले. प्रबोधनकार ठाकरे यांनी रंगो बापूजींची हकिकत मराठीत लिहिली. प्रतापसिंहांच्या खटल्याचे कागद मात्र ब्रिटिश पार्लमेंटने त्याच काळात छापून ठेवले होते, कारण तिथे ते ठेवायची जागा होती.